गार झालेली भजी

पोस्टकार्ड आलं तेव्हा मी सुपात चुरमुरे घेऊन त्यातले खडे निवडत होते. कार्ड जतच्या शाळेतल्या कुणा मास्तरांनी लिहिलं होतं. शेवंताच्या आईला लिहिता येत नाही. ‘आपली मैत्रीण शेवंता विषमज्वराने वारली. अठरा दिवस ताप हटला नाही. शुद्ध होती तोवर बाजाराच्या दिवशी सांगलीस जायचे म्हणत होती.’ वरच्या कोपऱ्यात रिवाजाप्रमाणे ‘वाचून फाडून टाकावे’ असं होतं. मी कार्ड फाडलं नाही. बाईनं आयुष्यभर कुणाचं ऐकलं नाही, तिच्या कार्डाचं मी तरी का ऐकावं... ते माझ्या पेटीत, साड्यांच्या तळाशी आहे. त्याला आता पाच आठवडे झाले. तिच्याविषयी लिहावं असं रोज वाटत होतं आणि रोज मी दुसरं काहीतरी काम काढत होते. गेल्या बाजाराच्या दिवशी एक गोष्ट घडली आणि आता लिहिल्यावाचून गत्यंतर नाही.

आमची ओळख साताऱ्याची. मास्तरणीचं शिक्षण घ्यायला आम्ही दोघी एका खोलीत राहायला होतो. मी गावातलीच, पण घर लहान आणि भावंडं पुष्कळ, म्हणून खोलीवर आलेली. ती लोणंदच्या पलीकडल्या एका खेड्यातून आलेली. वडील पलटणीत हवालदार. पहिल्याच दिवशी मी घरून आणलेले कंदी पेढे पुढे केले तर तिनं एक उचलून वास घेतला, बोटांत दाबून पाहिला आणि म्हणाली, “परवाचं हायत. ताजं कुठं मिळत्यात ते मी दाखवते तुला.” साताऱ्यात जन्मलेल्या मला लोणंदकडची मुलगी पेढ्यांचं दुकान दाखवणार! पण तिनं खरंच दाखवलं. खवा चुलीवरून उतरायच्या वेळेला जाऊन उभं राहायचं, हे त्या दुकानाचं मर्म तिला आठवड्याभरात कळलं होतं. मला अठरा वर्षांत कळलं नव्हतं.

खाण्याची तिची रीत वडिलांकडून आली होती. आप्पा सुट्टीवर आले की ती त्यांना आणायला लोणंदच्या स्टेशनवर जायची. गाडीतून उतरल्यावर आप्पा आधी तिला घेऊन स्टेशनासमोरच्या हॉटेलात शिरायचे, रस्त्याकडच्या बाकावर शेजारी बसवायचे आणि भजी मागवायचे. ती बारा-तेरा वर्षांची झाल्यावर हॉटेलवाला म्हणाला, “हवालदारसायेब, पोरगी थोर झाली, आत बसवा.” आप्पा म्हणाले, “गिऱ्हाइकाला कशाला हालवतूस? तू भजी आण.” आणि तिला म्हणाले, “शेवंते, गरम हाय तवर खा.” हे ती इतक्यांदा सांगायची की आप्पांना मी कधी पाहिलं नाही तरी त्यांचा आवाज मला ठाऊक आहे असं वाटतं. पुढे लढाई सुरू झाली, आप्पा आफ्रिकेत गेले ते परत आले नाहीत. सरकारी कागद आला, पदक आलं. पदक तिच्या आईनं देवघरात ठेवलं. शेवंताला वडिलांकडून आलं ते एवढंच, की भजी कढईजवळ, रस्त्याकडे तोंड करून खायची.

शिक्षण संपल्यावर दोघींना सांगलीत एकाच मुलींच्या शाळेत नोकरी लागली. शाळेला मी बाहेर कुठे नावं ठेवत नाही, इथेही ठेवणार नाही. राहायलाही एकच खोली मिळाली. दर बाजाराच्या दिवशी शाळा सुटली की आम्ही पिशव्या घेऊन निघायचो. धान्य रेशनवर, साखर मिळायची मारामार, तरी शेवंताबरोबर बाजारात जाणं हा मोठा सोहळा होता. गूळ ती ढेपेच्या मध्यातून खुरपून चाखायची, कडेचा घ्यायची नाही. वांग्याचं देठ वाकवून बघायची. मेथीवालीच्या पोरीला पाढे विचारायची, पोर अडखळली की त्या माउलीला लाजेनं एक जुडी जास्त घालणं भाग पडायचं. एकदा माझ्या वहाणेचा अंगठा तुटला. बाजारातल्या चांभाराकडे तांबड्या कातड्याचा तुकडा संपला होता, त्यानं हिरवा लावून दिला. मी हिरमुसले. शेवंता म्हणाली, “बरं झालं की. आता गर्दीत हरवलीस तर पायावरनं सापडशील.” नव्या वहाणा घेण्याची ऐपत नव्हती, तेव्हा एका पायात हिरवा अंगठा घेऊन मी पुढली दोन वर्षं शाळेत शिकवलं.

बाजाराच्या टोकाला बाबूरावांचं हॉटेल होतं, आजही आहे. पुढे रस्त्याला लागून कढई, दोन बाकं, दोन टेबलं. मागे दोन पायऱ्या चढून एक अंधारी खोली, तिला फुलाफुलांचा पडदा. ती बायकांची. तिला बोळातून वेगळं दार, म्हणजे कुणाला दिसायला नको. बहुतेक जणी तिथेही बसत नसत. बोळातल्या खिडकीतून कागदात बांधलेली भजी घेऊन पदराखाली लपवून घरी न्यायच्या. पहिल्याच आठवड्यात मी बोळाकडे वळले तर शेवंता सरळ पुढून आत गेली आणि बाकावर बसली. बाबूरावांच्या हातातला झारा तसाच राहिला. “बाई, आत बसा, मागं सोय हाय,” ते म्हणाले. “आत भजी येगळी तळतासा?” तिनं विचारलं. “न्हाई, भजी हीच.” “मग हितंच बसते. कागदात बांधलं की भज्याला घाम सुटतो. घामेजलेलं भजं खायाला मी काय आजारी हाय व्हय?” बाबूराव भले गृहस्थ. त्यांनी बशी भरून पुढे ठेवली. मी? मी समोरच्या भडंगवाल्याकडे उभी राहून भडंगाचा भाव विचारत होते. ती भजी संपवून, गुळाचा चहा बशीत ओतून पिऊन बाहेर येईपर्यंत विचारतच होते.

असे तीन-चार बाजार गेले. मग कुणीतरी शाळेत सांगितलं. मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, दोघींना बोलावलं. त्या ओरडल्या नाहीत. त्या म्हणाल्या, “मुलींचे पालक काय म्हणतील याचा विचार करा. पुन्हा हॉटेलात पुरुषांच्या बाकावर बसलेलं कानावर आलं तर मला दुसरी शिक्षिका पाहावी लागेल.” खोलीवर आल्यावर शेवंतानं आईच्या मनिऑर्डरीचे पैसे मोजून बाजूला ठेवले. घरी आई तिच्या पगारावर होती, हे तिला मोठ्या बाईंपेक्षा जास्त कळत होतं. मग म्हणाली, “मालू, मी एकटी बसते म्हणून त्यास्नी ते थेर वाटतंय. दोन मास्तरणी बसल्या तर कुणाकुणाला काढतील? येतीस का?” माझ्या तोंडून हो निघून गेलं. त्या वेळी ते मनापासूनच निघालं होतं, एवढं माझ्या बाजूनं सांगते.

बाजाराचा दिवस उजाडला आणि मी तापाचं निमित्त करून अंथरुणात पडून राहिले. तिनं माझ्या कपाळाला हात लावला आणि पिशवी घेऊन शाळेत गेली. दुपार मला खोलीत काढता येईना. साडेचारला मी उठले, डोक्यावरून पदर घेतला आणि बोळातून बाबूरावांच्या मागच्या खोलीत जाऊन बसले. मनाला सांगितलं, पडद्यापर्यंत आलो म्हणजे पुढे दोन पायऱ्या उतरायच्या, एवढंच तर आहे... ती पलीकडे बाकावर होती. पडद्याच्या कडेच्या फटीतून तिची पाठमोरी मान आणि बशीचा कोपरा दिसत होता. कुणी एक गृहस्थ मोठ्यानं म्हणाले, “आता घरंदाज माणसानं हॉटेलात यायचं का न्हाई?” शेवंता म्हणाली, “या की. बाकावर जागा हाय.” कुणीतरी हसलं, ते गृहस्थ निघून गेले. मग बाबूराव म्हणाले, “बाई, खावा.” ती म्हणाली, “थांबा वाईच. माझी मैत्रीण येतीया.” मान जरा मागे तिरपी करून ती बसली होती. बशीला तिनं हात लावला नाही. पाच मिनिटं गेली असतील, दहा गेली असतील. “बाई, गार झाली की. परत तळून देऊ?” “ऱ्हाऊ द्या.” आणखी थोडा वेळ गेला. मग ती म्हणाली, “न्हाई येत वाटतं,” आणि ती गार भजी तिनं एकेक करून सगळी खाल्ली. मी पडद्यामागे पुतळ्यासारखी बसून राहिले. शेवटी बोळातूनच घरी आले आणि ती यायच्या आत पांघरूण ओढून घेतलं.

भजी तिनं गार होऊ दिली, हे मला पुढे कित्येक वर्षं आठवत राहिलं. शेवंता आणि गार भजी! मी मनाशी लावलेला अर्थ असा, की त्या दिवशी तिच्याही घशाखाली घास उतरत नव्हता. तीही घाबरली होती. सांगायला लाज वाटते, पण त्या विचारानं मला बरं वाटायचं. आपण एकट्याच भित्र्या नव्हतो, एवढा त्यात आधार होता.

आठवड्याभरात तिची नोकरी गेली. माझी राहिली. सामान बांधताना तिनं मला विचारलं, “ताप उतरला का गं? का पायात साठून ऱ्हायलाय?” आणि हसली. थट्टा समजून मीही हसले. तिला जतला शाळा मिळाली. कोरडा मुलुख, निम्म्या मुली घरी कानडी बोलणाऱ्या. तिनं मला लिहिलं, ‘इथे हॉटेल म्हणावं असं काही नाही. धनगरणी बाजारात बसून बाजरीची भाकरी आणि खर्डा खातात, त्यांच्यात जाऊन बसते. त्यांना कुणी पडदा लावलेला नाही.’ महिन्यातून एकदा मात्र ती सर्व्हिस मोटारीनं धुळीनं माखून सांगलीला यायची, आणि खोलीवर यायच्या आधी बाबूरावांच्या त्याच बाकावर बसायची. सांगलीची नोकरी गेलीच होती, तेव्हा आता तिला इथे कोण काय करणार? हळूहळू बाजारात भाजी-माळवं विकणाऱ्या दोघी-तिघी तिच्या शेजारी येऊन टेकू लागल्या. ती नसली की त्या पुन्हा बोळाकडून जायच्या, हेही खरं. प्रत्येक वेळी ती मला पत्रात विचारायची, ‘या खेपेला येतीस का?’ आणि प्रत्येक वेळी मी भडंगवाल्याकडे तिची वाट पाहायचे. तिनं कधी दुसऱ्यांदा आग्रह केला नाही. पाच वर्षं हे असंच चाललं, कार्ड येईपर्यंत.

गेल्या बाजाराच्या दिवशी मी पुढच्या दारानं बाबूरावांच्या हॉटेलात गेले. बाबूराव आता थकले आहेत, त्यांनी मला ओळखलं. “जतच्या बाई गेल्या म्हणं,” ते म्हणाले. मी मान हलवली. त्यांनी मला आत बसा असं म्हटलं नाही. मी तिच्या जागेवर, रस्त्याकडे तोंड करून बसले. भजी आली. बाबूरावांना चटणी मागायला मान जरा मागे तिरपी केली आणि माझा हात बशीवरच राहिला. मागची खोली दोन पायऱ्या वर आहे. पडदा जमिनीपासून चांगला वीतभर उंच आहे. बाकावर बसलं की पडद्याखालचं सगळं अगदी डोळ्यांसमोर येतं. आत कुणीतरी बाई बसली होती. तिची जोडवी, टाचेच्या भेगा, उजव्या पावलावरचा शेणाचा डाग, सगळं मला स्वच्छ दिसत होतं... त्या दिवशी शेवंतानं मान तिरपी केली होती ती अशी. तिच्यासमोर एका पायात हिरवा अंगठा असलेल्या वहाणा होत्या, आणि ती म्हणाली होती, “थांबा वाईच. माझी मैत्रीण येतीया.”

ती घाबरली नव्हती. ती मला वेळ देत होती. ज्या बाईनं जन्मात भजं गार होऊ दिलं नाही तिनं माझ्यासाठी बशीभर गार केली, नोकरी घालवली आणि पायातल्या तापाची ती एक थट्टा सोडली तर पाच वर्षांत मला एका शब्दानं दाखवून दिलं नाही. मी खूप रडले. भर बाजारात, पुरुषांच्या बाकावर बसून रडले, आणि बाबूराव झारा हातात घेऊन उभे राहिले.

मोठ्या बाई वर्तमानपत्राची ही रविवारची पुरवणी वाचतात हे मला ठाऊक आहे. म्हणून नीट लिहिते, कुणी त्यांच्या कानावर घालायची गरज पडू नये. येत्या बाजाराच्या दिवशी साडेचार वाजता मी बाबूरावांच्या हॉटेलात रस्त्याकडच्या बाकावर बसलेली असेन, आणि त्यानंतरच्या प्रत्येक बाजाराच्या दिवशीही. बाकावर शेजारी जागा आहे. पडद्यामागे कुणी बसली असेल तर तिनं सावकाश यावं. भजी गार झाली तरी मी थांबेन.