कॉम्प्युटर दुपारीच बंद पडायचा

कॉम्प्युटर पहिल्यांदा बंद पडला तेव्हा मी संशय स्वतःवरच घेतला. माझं सगळं असंच. भाजी करपली तरी आधी माझीच चूक वाटते, आणि मग राग दुसऱ्यावर निघतो.

सेनगावकडच्या आमच्या खेड्यात बसून मी पुण्यातल्या एका शिकवणीसाठी कॉम्प्युटरवरून सहावीच्या मुलांना सुट्टीतलं गणित शिकवायला लागले होते. दुपारी दोन ते तीन. बी.एड. करून दहा वर्षं घरात बसलेली बाई मी. पहिला महिना चाचणीचा होता, तो निभला तर काम पक्कं. मला ते काम हवं होतं, इतकं की पहिल्या दिवशी पडद्यावर दिसायचं फक्त तोंड तरी मी इस्त्रीची साडी नेसले.

पहिला आठवडा छान गेला. दुसऱ्या आठवड्यात अपूर्णांकांची बेरीज चालू असताना पडदा काळा झाला, कॉम्प्युटरच्या डब्यातून टक्क आवाज आला आणि कॉम्प्युटर आपणहून परत सुरू झाला. मी वर्गात परतेपर्यंत मुलं आपसात भांडत होती. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी धड गेलं, म्हणून मी निर्धास्त झाले, तर चौथ्या दिवशी एका तासात तीनदा.

मी व्हायरस शोधला. डब्यातली धूळ काढली. कुणीतरी सांगितलं म्हणून आतली मेमरीची पट्टी काढून तिचे पितळी दात खोडरबरने घासले. नवऱ्याने त्याची दृष्ट काढायचं तेवढं बाकी ठेवलं. सकाळी लावून बघावं तर कॉम्प्युटर गुणी लेकरासारखा चालायचा. दुपारी पंखा मंदावलेला असायचा, पण आमच्याकडे पंखा मंदावणं ही काही बातमी नाही.

शेवटी वर्ग नव्हता त्या दिवशी डबा मांडीवर घेऊन मी नवऱ्याच्या मागे मोटारसायकलवर हिंगोलीला गेले. दुकानदाराने दिवसभर तो चालू ठेवला. एकदाही बंद पडला नाही. तो माझ्याकडे अशा नजरेने बघत होता की जणू मीच बिघडलेय. घरी आणला, दुसऱ्या दिवशी दोन वाजता वर्ग सुरू केला, दोन वाजून दहा मिनिटांनी टक्क. माहेरी शहाणं, सासरी येडं, असं ते यंत्र. त्या दिवशी मी रडले. शिकवणीच्या बाईंचा फोन आला होता: वर्ग आणखी एकदा तुटला तर तो दुसऱ्या कुणाला द्यावा लागेल. त्या गोड बोलत होत्या, त्याने जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी एकलाच गावातल्या वायरमनला बोलावलं. त्याने कॉम्प्युटरकडे पाहिलंसुद्धा नाही. भिंतीच्या बोर्डात मीटर लावला, काटा पाहिला आणि सरळ अंगणात गेला. तिथे भांडी घासायच्या दगडाशेजारी एक लोखंडी सळई जमिनीत गाडलेली होती. विजेला यायला एक तार लागते, परत जायला दुसरी. आमची परतीची तार मागल्या वर्षी वादळात खांबावर तुटली, तेव्हा लाईनमनची वाट न बघता नवऱ्याने घराची तार या सळईला बांधून दिली होती. अर्ध्या गल्लीने तेच केलं होतं, आणि मग सगळे ते विसरून गेले.

वायरमनने दोन बादल्या पाणी सळईच्या बुडाशी ओतलं आणि मला आत काटा बघायला सांगितलं. काटा वर चढला होता.

"वहिनी, जमीन वाळली की वीज कमी भेटते," तो म्हणाला. "दुपारी गल्लीतले कूलर चालू झाले की अजून कमी. इथं आधी कोण पाणी सांडायचं?"

आत्याबाई सांडायच्या. म्हणजे माझ्या सासूबाई. जेवणं झाली की बरोबर दोनच्या सुमाराला त्या दगडावर भांडी घासायला बसायच्या. वर्गात भांड्यांचा आवाज जातो म्हणून पहिला आठवडा संपताच मीच त्यांना गोड बोलून स्वयंपाकघरातल्या बेसिनवर पाठवलं होतं. त्या टोपली उचलून गेल्या होत्या. आता मला हसावं की डोकं फोडून घ्यावं तेच कळेना. वायरमन म्हणाला, खांबावरची तार जोडून मिळायला दोन-तीन दिवस लागतील, आणि तोवर ही सळई तोडली तर घरात वीजच राहणार नाही. घड्याळात दीड वाजला होता.

तोवर आत्याबाई भांड्यांची टोपली घेऊन बाहेर आल्यासुद्धा. आमचं बोलणं त्यांनी ऐकलं होतं.

"तू कर तुझा वर्ग. मी बसते हितं तीन वाजेपर्यंत, आवाज न्हाई करत," त्या म्हणाल्या. चप्पल बाजूला काढत सहज पुढे म्हणाल्या, "हितं बसलं की पायाला झिणझिण्या येत्यात थोड्या. पर त्या मला वर्षापासून हायेत. म्हणलं वय झालं आता."

वायरमनने माझ्याकडे पाहिलं. "काकू, तिथं पाय ठेवू नका," तो हळूच म्हणाला.

त्या झिणझिण्या वयाच्या नव्हत्या, सळईतून जमिनीत उतरणाऱ्या विजेच्या होत्या. मी त्यांचा हात धरून त्यांना ओल्या जमिनीवरून बाजूला ओढलंच. मग आत जाऊन मेन स्विच खाली केला, आणि पुण्याला फोन करून आजचा वर्ग होणार नाही असं सांगितलं. त्या बाई ठीक आहे म्हणाल्या. त्यानंतर त्यांचा फोन आला नाही.

आत्याबाई मात्र दारात उभ्या राहून पुन्हा पुन्हा तेच विचारत होत्या, "काहून बंद केलंस, माय? मी बसत होते ना."