पुन्हा पहिल्या वर्षापासून

मराठी मी शिकले ते वडिलांकडून. मी चार वर्षांची असताना आई रंगूनमध्येच वारली, तिचं बोलणं मला आठवत नाही. वडील तरुणपणी पलटणीबरोबर ब्रह्मदेशात गेले होते. शिपायांची मलमपट्टी करता करता ते औषधांचं काम शिकले आणि पलटण परतली तरी तिथंच राहिले, एका इस्पितळात कंपाउंडर म्हणून. घरात आम्ही दोघंच. शेजार ब्रह्मी लोकांचा, शाळा इंग्रजी, बाजारात हिंदुस्थानी. मराठी फक्त संध्याकाळी, वडील कामावरून आले की. त्यामुळे माझं मराठी हे एका पुरुषाचं मराठी होतं आणि तोही मुलखाचा अबोल माणूस. 'जेवलीस का', 'दार लाव', 'पावसात जाऊ नको', एवढ्यातच ते संपायचं. त्यात काय काय नव्हतं हे मला फार उशिरा कळलं.

शाळा संपल्यावर मी काही वर्षं लहान मुलांना शिकवलं. मग वडिलांच्याच इस्पितळात नर्सिंगला लागले. तीन वर्षांपैकी अडीच झाली होती, सहा महिने उरले होते, तेव्हा रंगूनवर बॉम्ब पडले. वडिलांनी माझ्यासाठी बोटीत जागा मिळवली. बोटीवर एकच गाठोडं न्यायला परवानगी होती.

धक्क्यावर ते म्हणाले, "तू पुढं हो. इस्पितळ रिकामं झालं की मी येतोच मागनं."

माझ्या शिक्षणाचे कागद इस्पितळाच्या कचेरीत होते. ते मागून घ्यावेत हे ना मला सुचलं, ना त्यांना. सहा महिन्यांनी परत येणारच होते ना मी.

अशी मी सव्विसाव्या वर्षी औंधाजवळच्या आमच्या गावी आले. गाव म्हणायचं, पण मी ते कधी पाहिलंच नव्हतं. चुलता सैन्यातून जखमी होऊन, पेन्शन घेऊन आलेला, उसाची शेती, बोलायला कडक आणि मनानं बरा. चुलतीनं मला पोटच्या मुलीसारखं वागवलं. पण पहिल्याच आठवड्यात तिनं मला बाजूला घेऊन विचारलं, "लेकी, कावळा शिवलाय का तुला?"

मी म्हटलं, "नाही, कावळा आला नाही कुठं." आणि छपराकडं बघितलं.

ती खळखळून हसली. मग एकदम थांबली. बाई महिन्याला बाजूला बसते त्याला असं म्हणतात, हे तिनं मला चुलीपुढं बसून समजावून सांगितलं. "आईवेगळी पोर," ती म्हणाली, "तुला कोन सांगनार व्हतं?" अडीच वर्षं बायकांच्या वॉर्डात काढलेली मी मान खाली घालून ऐकत राहिले.

वडिलांचं पत्र येईना. बोलायचं कुणाशी? ब्रह्मी बोलायची सवय जिभेला होती आणि गावात त्या भाषेतला एक शब्द कुणाला कळत नव्हता. विहिरीवर पाणी शेंदताना मी ब्रह्मीत आकडे मोजायची, तेवढंच. बायका म्हणायच्या, पोरीला काहीतरी झालंय, मंत्र म्हणते. चुलता स्थळं बघू लागला. मी त्याला म्हटलं, "मला उरलेलं शिक्षण पुरं करायचंय."

"आपल्या घरातल्या बायका असली कामं करत न्हाईत," तो म्हणाला. "लोकांचं हगनं-मुतनं काढायचं?"

"पलटणीत तुम्ही जखमी झालात तेव्हा ते कुणी काढलं?"

यावर तो उठून उसाला पाणी पाजायला गेला. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "चल, साताऱ्याला मोठ्या डॉक्टराला इचारू."

साताऱ्याचे डॉक्टर सभ्य होते. त्यांनी मला खुर्ची दिली, चुलत्यालाही दिली. मी रंगूनमध्ये काय काय शिकले ते सगळं शांतपणे ऐकून घेतलं. शेवटी म्हणाले, "बाई, तुम्ही खोटं बोलताय असं मी म्हणत नाही. पण कागद?"

कागद नव्हता. त्यांनी मग दोन वाटा सांगितल्या. एक, दाईचं शिक्षण. ते लवकर होतं, साताऱ्यातच होतं आणि पुढं एखाद्या खेड्यातल्या दवाखान्यात नेमणूक मिळाली असती. दुसरी लष्कराची. लढाईमुळे नर्स मिळत नव्हत्या, काही महिन्यांत शिकवून सरळ लष्करी इस्पितळात पाठवत होते. "तुम्हाला इंग्रजी येतं. उद्या घेतील," ते म्हणाले. तिसरी वाट त्यांनी जरा थांबून सांगितली. सांगलीला एक इस्पितळ आहे, तिथं पूर्ण नर्सिंग शिकवतात. पण तिथं पहिल्यापासून सुरू करावं लागेल, आणि तुमच्या वयाला घेतात की नाही ते तिथल्या मेट्रनबाईच सांगतील.

खरं सांगायचं तर माझं मन तिथंच लष्कराकडं धावलं होतं. शिकण्यासाठी नव्हे. लष्करी इस्पितळं आसामकडं जात होती आणि आसामच्या डोंगरांपलीकडं ब्रह्मदेश होता. आपण तितके जवळ पोचलो तर वडील सापडतील असं मला वाटत होतं. जसे काही ते डोंगराच्या कडेला माझी वाट बघत उभे होते.

तरीही सांगलीला जाऊन विचारून यावं म्हणून निघालो. मिरजेला गाडी बदलली. मेट्रनबाई मराठीच होत्या, नगरकडच्या ख्रिस्ती, पन्नाशीच्या, पांढरं पातळ आणि मनगटावर पुरुषी घड्याळ. त्यांनी मला काही न विचारता एका खाटेपाशी नेलं. खाटेवर एक म्हातारी झोपलेली होती. "हिला न उठवता चादर बदल."

मी बदलली. हात आपोआप चालत होते. कितीतरी महिन्यांनी मला माझी मी सापडल्यासारखं वाटलं.

मग त्यांनी मराठीतलं एक पुस्तक माझ्या हातात दिलं. रोग्याच्या शुश्रूषेचं. मी दुसरीतल्या मुलासारखी बोट ठेवून वाचू लागले. 'शुश्रूषा' या शब्दापाशीच अडले. पुढं प्रत्येक जोडाक्षराला अडखळत गेले. चुलता दाराशी उभा होता, त्यानं दुसरीकडं तोंड फिरवलं.

मेट्रनबाईंनी पुस्तक मिटलं. "तुझं काम मी बघितलं. माझ्या तिसऱ्या वर्षाच्या मुलींपेक्षा बरं आहे. पण परीक्षा इथं मराठीत होते आणि परीक्षक तुला चादर बदलायला सांगणार नाहीत. तुला मधूनच तिसऱ्या वर्षाला बसवायचा मला अधिकार नाही. पहिल्या वर्षाला घेईन. वयाचं मी कमिटीशी बोलेन."

"आणि लष्करात गेले तर?"

"जा की. तिथं गरज आहेच. फक्त लढाई संपल्यावर त्या कागदाला कोण विचारेल ते मला माहीत नाही."  उद्या सकाळपर्यंत विचार कर म्हणाल्या.

चुलता धर्मशाळेत उतरला, मला त्यांनी मुलींच्या वसतिगृहात एक खाट दिली. संध्याकाळभर मी त्या खाटेवर बसून होते. मुली वेण्या घालत होत्या, गाणी म्हणत होत्या. मला वडिलांची एक गोष्ट आठवत होती. ते कंपाउंडर होते, पण इस्पितळातल्या निम्म्या डॉक्टरांपेक्षा त्यांना जास्त कळायचं. तरुण डॉक्टर अडले की हळूच त्यांनाच विचारायचे, आणि चार माणसांत मात्र 'ए कंपाउंडर' म्हणून हाक मारायचे.  वडील घरी आल्यावर पाय धुताना फक्त जास्त वेळ लावायचे. कागद नसलेल्या माणसाचं शहाणपण दुसऱ्याच्या नावावर जातं, हे मी लहानपणापासून बघत आले होते. वडिलांना शोधायला म्हणून मी अर्धवट शिकून गेले असते, तर त्यांच्यासारखीच झाले असते. त्यांना ते आवडलं नसतं.

सकाळी मी मेट्रनबाईंना सांगितलं, पहिल्या वर्षाला बसते.

पालकाची सही लागत होती. चुलत्यानं बराच वेळ कागद वाचला आणि मोडीत सही केली. निघताना म्हणाला, "तुजा बा पन असाच गेला. कुनाचं ऐकलं न्हाई." एवढं बोलून तो टांग्यात बसला. मागं वळून बघितलं नाही.

पहिलं वर्ष मला फार जड गेलं. वर्गातल्या मुली सतरा-अठराच्या. पट्टी कशी गुंडाळायची, थर्मामीटर कसं झटकायचं, हे मी त्यांच्याबरोबर बाकावर बसून पुन्हा शिकत होते. चुकून कधी उत्तर आधी दिलं तर सगळ्या माझ्याकडं वळून बघायच्या. मग मी उत्तरं देणं सोडलं. त्या मला 'रंगूनबाई' म्हणायच्या, वाईट मनानं नाही, पण त्यांच्या हसण्यात मला जागा नव्हती. रविवारी त्यांच्या घरून माणसं यायची, भाकरी, चटणी, शेंगदाण्याचे लाडू घेऊन. मी त्या दिवशी मुद्दाम वॉर्डात काम मागून घ्यायची.

आणि मनात एक अढी होती. ही तीन वर्षं वाया चालली आहेत, मला हे सगळं येतं, असं रोज वाटायचं. ती अढी एका दुपारी सुटली.

बाळंतिणींच्या वॉर्डात मी आणि तासगावकडची एक मुलगी, एका शिक्षकाची लेक, अशा दोघी होतो. ती एकटीच मला अक्का म्हणायची. सकाळी बाळंत झालेली एक शेतकरीण क्षीण आवाजात मला म्हणाली, "बाई, आंगावरनं लय जातंय वो."

मला वाटलं, अंगावरून शिरशिरी जातेय, थंडी वाजतेय. मी कपाटातून आणखी एक घोंगडी आणली आणि तिला नीट पांघरली. पायाकडून खोचलीसुद्धा. "आता बरं वाटेल," असं म्हणून पुढच्या खाटेकडं गेले.

थोड्या वेळानं ती मुलगी त्या बाईपाशी थांबली. बाईनं तेच तिला सांगितलं असावं. "अक्का," ती ओरडली नाही, पण तिचा आवाज बदलला होता. तिनं घोंगडी ओढून काढली. खालची चादर रक्तानं भिजली होती.

त्याक्षणी मला शब्दाचा अर्थ कळला. मी धावले आणि बाईच्या ओटीपोटावर हात ठेवला. गर्भाची पिशवी दगडासारखी टणक लागायला हवी, ती कणकेसारखी मऊ लागत होती. मी चोळायला सुरुवात केली. हे हातांना येत होतं. मुलीला मात्र काय करावं ते कळत नव्हतं, ते अजून आम्हाला शिकवलं नव्हतं. "डॉक्टरीणबाईंना बोलव, इंजेक्शन घेऊन या म्हणावं," मी म्हटलं. ती पळाली. डॉक्टरीणबाई येईपर्यंत मी हात थांबवला नाही. पिशवी हळूहळू घट्ट झाली. बाई वाचली.

संध्याकाळी मेट्रनबाईंनी बोलावलं. मी आपणहून सगळं सांगितलं, घोंगडीसुद्धा. त्या रागावल्या नाहीत. "रंगूनला तिनं हेच ब्रह्मीत सांगितलं असतं तर?" त्यांनी विचारलं.

"लगेच कळलं असतं."

"मग अजून तुझं शिक्षण व्हायचंय," त्या म्हणाल्या आणि पुन्हा कामाला लागल्या.

त्या दिवसापासून मी एक वही केली. तासगावच्या मुलीला मी रोज विचारायची आणि ती सांगायची: कळ वेगळी, ठणका वेगळा, मुरडा वेगळा, उलघाल कशाला म्हणायचं, अंधारी कशाला, 'दिवस गेलेत' म्हणजे काय, 'पाय भारी आहे' म्हणजे काय. शब्दापुढं मी इंग्रजीत अर्थ लिहायची. ती पोट धरून हसायची. तिच्या थोरल्या बहिणींची बाळंतपणं घरात झालेली, तिला हे सगळं न शिकता येत होतं. बदल्यात मी तिला शरीरशास्त्र समजावायची. जवळचं माणूस म्हणावं असं तेवढंच. दुसरं वर्ष संपता संपता तिचं लग्न ठरलं आणि तिच्या वडिलांनी तिला नेलं. जाताना तिनं माझी कंगवा-फणी मागून घेतली, आठवण म्हणून. नंतर तिची दोन पत्रं आली. मग नाहीत.

तिसऱ्या वर्षी लढाई संपली आणि रंगूनहून पत्र आलं, वडिलांबरोबर काम करणाऱ्या एका कंपाउंडरचं. वडील मी गेल्यानंतरच्या दुसऱ्या पावसाळ्यात तापानं गेले होते. शेवटपर्यंत रोग्यांना औषध देत होते, असं त्यानं लिहिलं होतं. इस्पितळाची कचेरी जळून गेली होती. मी ते पत्र जेवणाच्या सुट्टीत वाचलं. घंटा झाली तशी घडी घालून खिशात ठेवलं आणि वॉर्डात गेले. आठवडाभर मी कुणालाच सांगितलं नाही. सांगायचं तर कोणत्या भाषेत, हेच ठरत नव्हतं.

परीक्षा पास झाले. चुलत्याला पत्र टाकलं, त्यानं गुळाची ढेप पाठवली, सोबत चिठ्ठी नव्हती. मला साताऱ्याकडच्या खंडाळ्याच्या दवाखान्यात नेमणूक मिळाली. दवाखान्यामागं राहायला एक खोली, समोर निंबाचं झाड. पहिले दोन दिवस कुणी आलं नाही. लोक रस्त्यावरून बघत आणि पुढं जात. तिसऱ्या दिवशी सकाळी एक म्हातारी येऊन पायरीवर बसली. तिची सून अवघडलेली होती, पण सुनेआधी ती मला बघायला आली होती.

"कुठल्या गावच्या म्हनायच्या तुमी?"

"औंधाकडची."

"बोलनं येगळं वाटतंय. आन घरात कोन कोन हाय?"

"मी एकटीच."

तिनं माझ्याकडं जरा वेळ निरखून बघितलं. मला वाटलं, आता कीव करेल.

"बरं हाय की मग," ती म्हणाली. "आडल्या बाईसाठी बोलवाय आलं, तर जाऊ नको म्हनाय घरात कुनी न्हाई." आणि गुडघ्यावर हात टेकून उठली, सुनेला घेऊन यायला.