मानेवरचा हात

आमचं अहमदपूरचं घर रस्त्यालगत आहे. दारातून दोन पायऱ्या उतरलं की नालीवरची फरशी, आणि फरशी संपली की नांदेडकडे जाणारा रस्ता. मुलगी चालायला उशिरा शिकली, पण शिकली ती थेट धावायलाच. चार वर्षांची झाली तेव्हा तिला मोजके शब्द येत होते आणि दार उघडं दिसलं की ती बाहेर पळत होती. मागून कितीही हाका मारल्या तरी थांबत नसे. कान तपासून झाले होते; ऐकू नीट येत होतं. लातूरच्या डॉक्टरांनी तिची वाढ उशिरा होत असल्याचं सांगितलं आणि थेरपिस्टकडे पाठवलं. जाताना माझं मागणं एकच होतं. बोलणं यायचं तेव्हा येवो, 'थांब' म्हटलं की तिने थांबावं.

सोबत आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, होत्या. थेरपिस्ट पंचविशीतली मुलगी होती. तिने विचारलं, "सांगितलेलं काय काय करते?"

मी म्हणाले, काहीच नाही. आत्याबाईंना ते पटलं नाही.

"काहीच न्हाई कसं? पाया पड म्हणलं की पडती. आल्या माणसाच्या, एकाच्याबी चुकवत न्हाई."

हे खरं होतं. घरी आलेल्या प्रत्येकाच्या पाया ती पडत असे आणि पाहुणे म्हणत, हिला कळत नाही असं कोण म्हणतं? त्या एका गोष्टीवर आमचं घर बराच काळ धीर धरून होतं.

"दाखवा बरं," थेरपिस्ट म्हणाली.

आत्याबाईंनी नातीला तिच्यासमोर उभं केलं, मानेवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "पाया पड, माय." मुलगी वाकली.

"आता हात न लावता सांगा."

आत्याबाईंनी हात मांडीवर घेतले आणि सांगितलं. मुलगी पंख्याकडे बघत राहिली. त्यांनी पुन्हा सांगितलं, जरा मोठ्याने. ती पंख्याकडेच बघत होती. मग थेरपिस्टने एक शब्दही न बोलता तिच्या मानेला हात लावला. ती लगेच वाकली.

"म्हणजे शब्द कळतच न्हाई तिला," आत्याबाई म्हणाल्या.

"अजून नाही. हात कळतो."

"आमच्याकडं सगळी लेकरं अशीच शिकतेत. मान धरून."

"शिकतात ना, आजी. बाकीच्या लेकरांना पुढे तो हात लागत नाही. हिच्या मानेवरचा कुणी काढलाच नाही."

काढायचा कसा, ते तिने दाखवलं. शब्द एकच, तोही एकदाच. मग थोडं थांबायचं. मुलीने केलं नाही तर हाताने करून घ्यायचं, पण तो हात दिवसेंदिवस हलका करत न्यायचा. आधी खांदा धरायचा, मग नुसती बोटं टेकवायची, मग हात जवळ ठेवायचा पण लावायचा नाही. जमलं की लगेच तिच्या आवडीचं काहीतरी द्यायचं. आमच्या मुलीला गूळ आवडत होता.

घरी अडचण मुलीची नव्हती, आमची होती. मामंजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, एकदाच बोलणं जमेना. "थांब, थांब गं, ए पोरी, थांब म्हणून राहिलो ना," असं ते एका दमात म्हणत.

"एष्टी हाय का ती," आत्याबाई त्यांना म्हणाल्या, "मागून वरडत पळायला?"

शेजारच्या काकू आल्या आल्या मुलीला ये, बस, नाव सांग, असं सगळं एकदम सांगत. आत्याबाईंनी त्यांनाही अडवलं.

"आता तुमच्या घरात बोलायचं तर अर्ज करावा लागंल काय?" काकूंनी टोमणा मारला.

"अर्ज नगं. गप बसलीस तरी लई झालं."

सराव घरातल्या बोळात चाले. मुलगी पुढे, मी किंवा आत्याबाई मागे. काही आठवडे गेले आणि नुसत्या शब्दावर ती थांबू लागली, पण आम्ही अगदी जवळ असलो तरच. दोन पावलं मागे राहून म्हटलं की ती सरळ निघून जाई. अंतर हळूहळू वाढवा, रस्त्यावर परीक्षा घेऊ नका, असं थेरपिस्टने बजावलं होतं.

परीक्षा लोह्याचे पाहुणे निघाले त्या दिवशी झाली. आमच्याकडे पाहुणा निघाला म्हणजे लगेच जात नाही. आत कुंकू लावून झालं, तरी सगळे पुन्हा दारात उभे राहून बोलत होते. बाहेर जीप चालू होती. कुणीतरी पिशवी ठेवायला दार पुरतं उघडलं. मी मागे होते, हातात करंडा. साड्यांच्या मधून मुलगी निसटलेली मला दिसली. पहिली पायरी ती उतरलीही होती. माझ्यापुढे इतकी माणसं होती की पोचणं शक्य नव्हतं. दारातल्या सगळ्यांनी ओरडायला तोंड उघडलं.

उंबऱ्याशी उभ्या असलेल्या आत्याबाईंनी हात उभारून सगळ्यांना गप केलं. मग रोज बोळात म्हणत त्याच आवाजात म्हणाल्या, "थांब."

मुलगी दुसरी पायरी उतरली आणि फरशीवर थांबली. वळून पाहिलं नाही, नुसती थांबली. आत्याबाईंनी शब्द पुन्हा उच्चारला नाही. त्या धावल्याही नाहीत. धावलं की मुलगी तो खेळ समजून आणखी पळे. त्या सावकाश उतरल्या, तिच्यासमोर उभ्या राहिल्या आणि पदराच्या गाठीतला गूळ तिच्या तोंडात घातला.

"ऐकती की हो पोरगी," पाहुण्यांपैकी एक मावशी म्हणाल्या.

"ऐकती. तुमी गप होताव म्हणून."

पाहुणे हसले, जीपमध्ये बसले आणि गेले. मी करंडा तसाच घेऊन पायरीवर बसले. आत्याबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मुलीला कडेवर घेतलं आणि म्हणाल्या, "जा, पड जरा. मी हाय."

त्यानंतर ती प्रत्येक वेळी थांबली असं नाही. सराव अजून चालू आहे, आणि रस्त्याजवळ आम्ही तिच्यापासून हातभर अंतरावरच असतो. पण त्या दुपारी मी आत जाऊन आडवी झाले आणि गाढ झोपले. मुलगी चालू लागल्यापासून दिवसा मला झोप लागली नव्हती. जाग आली तेव्हा उन्हं उतरली होती आणि पुढच्या खोलीतून मामंजींचा आवाज येत होता. ते एक शब्द म्हणत होते आणि मग गप बसत होते.