सुपडूभाऊंनी पसंत केलेला मुलूख

एदलाबादेकडच्या त्या तापीकाठच्या गावात कोणी शेत घ्यायचं म्हटलं, की आधी सुपडूभाऊंना बोलावणं जायचं. भाऊ यायचे, ढेकूळ फोडायचे, चिमूटभर माती जिभेवर ठेवायचे आणि थुंकून सांगायचे, "घे," नाहीतर "नको घेऊ." अधलंमधलं काही नाही. समोरचा रुसो की फुगो, माणूस खोटं बोलायचा नाही. या जिभेपायी एका साडूशी आणि सख्ख्या मेव्हण्याशी त्यांचं बोलणं कायमचं बंद झालं होतं, तो भाग वेगळा.

आणि नेमकं अशा माणसाचंच शेत नदी खात होती! एकदाच्या पुरात गेलं असतं तर रडून मोकळे झाले असते. पण ही बया दर पावसाळ्यात दहा-पंधरा हात काठ ओरबाडायची. घडांनी लगडलेली केळ उभीच्या उभी पाण्यात जायची, आणि काठावर उभं राहून बघण्यापलीकडे काही करता यायचं नाही. एक्कावन्नच्या पावसाळ्यात विहीरही गेली. भाऊंचं घर, धाकट्या लीलाधरचं घर आणि चुलतभावांची दोन, अशा चार चुली त्या शेतावर पेटत होत्या. उरलेल्या पट्टीत एकीचंही भागलं नसतं.

दिवाळीनंतर चारही घरं ओट्यावर बसली. मुलूख सोडायचा, यावर कुणाचं दुमत नव्हतं. कोणता धरायचा, यावर मात्र चौघांची चार तोंडं. शेवटी लीलाधर म्हणाला, "वाद कायले घालता? भाऊ जाईन, पाहीन. भाऊ म्हनीन ते गाव आपलं." सगळ्यांनी माना हलवल्या. चार घरांतली बावीस माणसं एका जिभेवर तोलायची! पण भाऊ नाही कसं म्हणणार?

भाऊ निघाले ते चैत्रात. पावसाळ्यात काय, माळसुद्धा हिरवा दिसतो. विहिरीचं खरं रूप चैत्रातच कळतं. इंदिराबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, घरच्या तुरीची डाळ फडक्यात बांधून दिली आणि सोबत एक लहान गाडगं दिलं. आमच्याकडची ही जुनी रीत. डाळ घरची, गाडगं घरचं, बदलायचं ते फक्त पाणी. गोड पाण्यात डाळ बघता बघता गळून जाते, आणि जड पाण्यात दिवसभर रटरटली तरी दाणा टणकच राहतो. जड पाण्यावर केळ धरत नाही, हे आमच्या भागातलं शेंबडं पोरही सांगेल.

पहिल्यांदा ते निमाडात गेले, खांडव्याच्या पुढे. जमीन मायंदाळ, लोकही मायाळू, पण दुपारपर्यंत चूल पेटवूनही डाळ शिजेना. तिथून सुरतेकडे, सोनगडच्या बाजूला. तिथं डाळ शिजली, पण मातीत पाणी असं मुरून बसायचं की वीतभर खणलं तरी चिखल लागे. केळीचे कंद तिथं महिनाभरात कुजले असते. भाऊंनी दोन्हीकडे "नको" म्हटलं आणि गाडीत बसले. गाठोड्यात आता एकाच वेळेपुरती डाळ उरली होती.

तिसरं ठिकाण पश्चिम खानदेशातलं, शहाद्याच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याला. दलालानं बैलगाडीतून नेलं. "जमीन मोकळी शे," एवढं सांगून तो गडी आंब्याखाली आडवा झाला. भाऊंनी ढेकूळ फोडलं आणि जागच्या जागी उकिडवे बसले. काळी, मऊ, लोण्याच्या गोळ्यासारखी माती! असली माती त्यांनी जन्मात एकदाच पाहिली होती, आणि ती तापीच्या पोटात गेली होती.

पण जमीन मोकळी कुठली? ज्वारी कापून उरलेला खुंटारा होता, बांध घातलेले होते, नाल्याच्या कडेला विहीर होती आणि विहिरीजवळ कुडाची झोपडी. एक बाई शेण थापत होती. चमेलीबाई तिचं नाव. नवरा नवल जंगलात मोहाची फुलं वेचायला गेला होता. भाऊंनी चुलीपुरता विस्तव मागितला. गाडगं बघून बाईला हसू आलं. तिनं ते त्यांच्या हातातून काढूनच घेतलं. "तू पाव्हना शे. बठ तठे."

तिनंच पाणी शेंदलं, तिनंच चूल फुंकली. भाऊ विहिरीत डोकावले. चैत्रातही पुरुषभर पाणी!

"कोनी खंदी?" त्यांनी विचारलं.

"आम्हीच. मना सासरा हाई विहीर खंदतांनाच मरी गया. दरड पडनी." तिनं हे असं सांगितलं, जसं कोणी आपल्या घराण्याचं मोठेपण सांगावं.

"आन् जमीन कोनाची?"

"आम्हनीच. आखो कोनी?" तिला प्रश्नच विचित्र वाटला.

डाळ शिजली. कसली शिजली, पळी बुडवायच्या आत गळून गेली. चमेलीबाईनं तीच डाळ भाकरीवर वाढली, वर लसणाची चटणी ठेवली आणि समोर बसून म्हणाली, "तू कसाले उना, भाऊ?"

"पानी पाहाले."

"मंग सांग ना, कसं शे आम्हनं पानी?"

"गोड आहे," भाऊ म्हणाले. बाई खुलली.  आयुष्यात पहिल्यांदा खरं बोलूनही भाऊंना मात्र चोरी केल्यासारखं वाटलं.

परतीच्या वाटेवर त्यांनी दलालाला धरलं. "लेका, मोकळी म्हनला ना तू?" दलाल मख्खपणे म्हणाला, "कागद सावकार शेटचा आहे, भाऊ. त्या भिलाचं नाव कोणत्याच कागदावर नाही. आज तुम्ही नाही घेतली, तर उद्या दुसरा कोणी घेईल. तुम्ही सोडल्यानं त्याला थोडीच मिळणार आहे?"

हे वाक्य भाऊंनी भुसावळपर्यंत चघळलं. गोड लागत होतं, हीच तर पंचाईत. खरं सांगायचं तर त्यांनाही ती माती हवी होती. डोळे मिटले की तिच्यात केळीच्या रांगा उभ्या दिसत होत्या.

ओट्यावर चारही घरं वाटच बघत होती. भाऊ म्हणाले, "डाय शिजली." एवढं ऐकताच लीलाधरनं टाळी वाजवली, बायका हसू लागल्या, चुलतभावानं भाऊंचे पायच धरले. "थांबा," भाऊ म्हणाले, "तठी एक घर आहे. विहीर त्यायनी खंदली. म्हातारा त्यात गेला."

"राहू द्या की मंग," लीलाधर म्हणाला. "आपल्याले मजूर लागतीनच." आणि बोलणं गाड्या किती लागतील याच्यावर गेलं. भाऊंनी दोन गोष्टी सांगितल्या होत्या. ऐकली गेली एकच.

इंदिराबाई घरात आल्यावर हळूच म्हणाल्या, "तुमच्या मनात नव्हतं, तर डाय नाई शिजली म्हनायचं होतं. कोन पाहाले येनार होतं?"

"तसं खोटं बोलायले मले येत नाही."

"येत नाही, का नको होतं बोलायले?" बाईनं वर्मावर बोट ठेवलं आणि दिवा पुसायला घेतला.  

शेटशी सौदा झाला आणि पुढच्या आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीया उलटल्यावर, चार घरांच्या गाड्या सातपुड्याखाली लागल्या. तोवर शेटच्या माणसांनी नवलला शेतातून उठवलं होतं. झोपडी तेवढी राहू दिली होती. नवल यांच्याकडेच मजुरीला आला. आपण घातलेल्या बांधावर दुसऱ्याचे कंद लावू लागला. चमेलीबाई आपल्याच विहिरीवर विचारून पाणी भरू लागली. भाऊंना बघितलं की मात्र हसायची, पाव्हणा ओळखीचा म्हणून. त्या हसण्याला भाऊ इतके भ्यायले, की विहिरीकडे जाणंच त्यांनी टाकलं.

केळ अशी फोफावली की बघत राहावं. तिसऱ्या वर्षी लीलाधरनं विहिरीवर इंजिन बसवायचं काढलं, आणि इंजिनाच्या खोलीला जागा हवी होती ती नेमकी झोपडीची. चुलतभाऊ तयार, पोरं तयार. सगळ्यांनी भाऊंकडे बघितलं. अजूनही एक शब्द पुरला असता. या घरात त्यांचा शब्द कोणी मोडला नव्हता. पण केळीचा घड हातात घेऊन खोटं किंवा खरं, काहीच त्यांच्या तोंडातून निघेना.  लीलाधरनं त्यालाच होकार समजून नवलला निरोप धाडला.

दोन दिवसांनी सकाळी भाऊ बांधावर उभे असताना चमेलीबाई आली. डोक्यावर पाटी, पाटीत कोंबड्या, काखेत गोधडीचं बोचकं. नवल कुडाच्या काठ्या खांद्यावर घेऊन थोडा पुढे थांबला होता. आता शिव्या देईल, तळतळाट करील, असं भाऊंना वाटलं; तेवढं झालं असतं तर ते सुटले असते. पण ती जवळ येऊन साधेपणानं म्हणाली,

"भाऊ, तू बठ्ठा मुलूख पाही येल शे. माती, पानी, बठ्ठं तुले समजस. आम्हले सांग ना, आम्ही कथा जावो?"

टोमणा नव्हता हो त्यात! कुठे जावं, हे बाई खरंच विचारत होती. जाणत्या माणसाला विचारावं तसं.

भाऊंच्या डोळ्यांपुढून सगळा मुलूख गेला. निमाड गेलं, सोनगड गेलं, गाडीच्या खिडकीतून पाहिलेली गावंच्या गावं गेली. चांगल्या पाण्यावर सगळीकडे कोणाचा ना कोणाचा कागद होता. "निमाडात..." ते म्हणाले.

"तठे पानी कसं शे?"

"जड."

"मंग?"

 चमेलीबाई भाऊंच्या तोंडाकडे बघत उभी राहिली. मग नवलनं हाक मारली, तशी तिनं पाटी सावरली आणि बांधाबांधानं त्याच्या मागून चालू लागली.