फादरकाकांच्या दोन वह्या

माझे मोठे काका धर्मगुरू होते. घरात सगळे त्यांना फादरकाका म्हणत. वसईतल्या आमच्या वाडीतून धर्मगुरू घडवणाऱ्या सेमिनरीत गेले आणि पुढे तिथेच ईशज्ञान शिकवू लागले. साठच्या दशकात रोमला जगभरच्या बिशपांची मोठी परिषद भरली, तेव्हा आपल्या बिशपांचे सल्लागार म्हणून तेही गेले. चार वर्षं, दर पावसाळा सरला की परिषद बसायची आणि दर खेपेला ते एक वही भरायचे. मराठीत, शेजारच्याला वाचता येऊ नये म्हणून.

अक्षर मात्र असं की त्यांनाच लागेना. मी नर्स. डॉक्टरांची अक्षरं लावण्यात माझी उमर गेली, त्यामुळे ते काम आपसूक माझ्या गळ्यात आलं. सुट्टी संपवून मी सौदी अरेबियातल्या हफ्र अल बातिनच्या हॉस्पिटलात परत निघाले, तेव्हा त्यांनी चारही वह्या माझ्या हातात ठेवल्या. "बाय, मला आता दिसत नाही. नीट उतरवून आण. मग तू वाच, मी ऐकतो. काय लिहिलं होतं ते एकदा कळू दे, मग मरायला मोकळा."

सौदीत ख्रिस्ती धर्माबद्दलच्या अशा वह्या न्यायची चोरी. मी त्यांना खाकी कव्हरं घातली आणि वर ड्रेसिंग नोट्स असं ठळक लिहिलं. कस्टमवाल्याने एक उघडली, कंटाळला आणि मिटली.

दुपारची ड्यूटी नसली की मी उतरवायला बसायची. मला वाटलं होतं, सगळं जड असणार. पण काका लिहीत होते भिजलेल्या बुटांबद्दल, लॅटिन भाषणं ऐकता ऐकता डुलक्या घेणाऱ्या म्हाताऱ्यांबद्दल, कॉफीच्या काउंटरवरच्या गर्दीबद्दल. सल्लागारांना आत बसायची मुभा होती, पण विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. त्याचा त्यांना भयंकर राग. मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, लॅटिनऐवजी आपापल्या भाषेत करायला वाट मोकळी झाली, त्या दिवशी एकच ओळ होती. 'आज आईला कळेल असं काहीतरी ठरलं.' ती उतरवताना मला रडू आलं.

दोन वह्या उतरवून झाल्या. त्यांची प्रत सुट्टीवर जाणाऱ्या मैत्रिणीबरोबर घरी धाडली. तिसरी नुसती चाळली. चौथी उघडलीही नाही. तोवर इराकने कुवेत घेतलं आणि आमचं आडबाजूचं गाव एकदम लढाईच्या तोंडाशी आलं. रस्त्यावर सैन्याच्या गाड्या, वॉर्डात अर्ध्या खाटा जखमींसाठी मोकळ्या ठेवलेल्या, आम्हा प्रत्येक नर्सच्या उशाशी गॅसचा मुखवटा. विषारी वायू आत येऊ नये म्हणून खिडक्यांना प्लास्टिक लावून कडेने टेप मारायची. भोंगा वाजला की माझे दात वाजायचे. मी शूर नाही, कधीच नव्हते.

एके सकाळी हॉस्पिटलच्या बसचा ड्रायव्हर वॉर्डाच्या दाराशी आला. तो रत्नागिरीकडचा मुसलमान, मला ताय म्हणायचा. "ताय, तुमच्या होस्टेलात चेकिंग हाय. दोन गाड्या आल्यात."

कसलं चेकिंग, एवढं तरी विचारायचं होतं. मी विचारलं नाही. माझ्या डोळ्यांपुढे फक्त खाकी कव्हरं. सापडली तर इकामा, म्हणजे तिथे राहायचा परवाना, रद्द, नोकरी गेली, वर काय होईल कोण जाणे. मागच्या जिन्याने खोलीत गेले, चारही वह्या वापरलेल्या ड्रेसिंगच्या पिशवीत कोंबल्या आणि हॉस्पिटलच्या भट्टीत टाकल्या. भट्टीवाल्याने वळूनही पाहिलं नाही. आम्ही रोजच काही ना काही जाळायला आणायचो.

खोलीत परतले तर दोन माणसं खिडकीची टेप तपासत होती. एका कोपऱ्यात ती सुटली होती. एकाने अंगठ्याने दाबून बसवली, शुक्रन म्हणाला आणि गेला.

दुसऱ्या दिवशी मी ड्रायव्हरला खरं सांगितलं. त्याने स्टिअरिंगवर हात मारला. "माका द्यायच्या व्हत्या नाय काय, ताय. सीटखाली ठेवल्या असत्या."

लढाई संपली, पेटलेल्या तेलविहिरींच्या धुराने काळवंडलेलं आभाळ निवळलं, आणि मी दोन कोऱ्या वह्या आणून लिहायला बसले. तिसरीतलं थोडंफार आठवत होतं. बाकी सगळं मी रचलं. बूट भिजवले, म्हातारे झोपवले, काकांना रागावायला लावलं. लिहिताना ते मागे उभे आहेत असं वाटायचं. मी वळून बघायची. खुर्चीवर मुखवटा असायचा.

घरी गेले तेव्हा काकांची दृष्टी पूर्ण गेली होती. रोज चार वाजता पडवीत मी वाचायची. मिटलं की ते विचारायचे, "आणखी काही?" मी म्हणायची, "आजचं एवढंच." पहिल्या दोन वह्या ऐकताना ते लहान मुलासारखे हसले. तिसरीच्या चौथ्या दिवशी त्यांनी हात वर केला. "असं लिहिलंय मी?" मी हो म्हटलं. ते आठवत राहिले, मग मान डोलावून म्हणाले, "असेल. असंच झालं असेल." माझं खोटं त्यांच्या आठवणीत घर करत होतं.

त्या शनिवारी मी त्यांच्याकडेच पापनिवेदन केलं. सगळं सांगितलं, भट्टीसकट. मग त्यांनी क्षमा दिली आणि प्रायश्चित्त सांगितलं. "ज्याच्या वह्या जाळल्यास, त्याला जाऊन सांग."

पापनिवेदनात ऐकलेलं धर्मगुरूला बाहेर काढता येत नाही. सांगणाऱ्यापाशीसुद्धा नाही, त्याने आपण होऊन विषय काढल्याखेरीज. त्यांना काही माहीत नव्हतं, असंच त्यांना वागायचं होतं. तोंड मीच उघडायचं होतं, पापनिवेदनाबाहेर, पुतणी म्हणून.

रविवारी चार वाजता ते पडवीत येऊन बसले होते. "वाच, बाय."

मी वाचलं. मनाची समजूत घातली, त्यांना कळलंच आहे, परत काय सांगायचं? भट्टीकडे पळाले होते तीच भित्री मी इथेही बसले होते. मिटल्यावर त्यांनी विचारलं, "आणखी काही?" आणि नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबले.

चौथी वही संपेपर्यंत हे रोज चाललं. ते रोज खोटं ऐकत, रोज विचारत, रोज थांबत. शेवटचं पान आलं. रोमहून निघतानाचा तो दिवस मी फार सुरेख लिहिला होता.

"आणखी काही?"

"नाही, फादरकाका. संपलं."

त्यांनी हात पुढे केला. मी वही दिली. त्यांनी बोटांनी कव्हर चाचपलं, कोरं गुळगुळीत कव्हर, आणि ती मला परत केली. दुसऱ्या दिवशी चार वाजता पडवीत त्यांची खुर्ची नव्हती. महिन्याभरात ते गेले, आणि ते प्रायश्चित्त अजून माझ्याकडे तसंच आहे.