सोमवार सोडले तेव्हा

परवा फोनवर तुमच्यापैकी एकीने मला विचारलं, "आजी, पोट भरलेलं असताना खात सुटायचं, थांबायलाच यायचं नाही, असं तुला कधी झालं होतं का?" तिकडे तिची डॉक्टर म्हणे, घरात आधी कुणाला असं होतं का ते विचारते. मी "हो" म्हटलं आणि पुढे काही बोलले नाही. फोनवर मला नीट सांगता येत नाही. म्हणून लिहिते, जमेल तसं क्रमाने.

सत्तरच्या दशकातली पहिली वर्षं. आम्ही सोलापुरात शुक्रवार पेठेत राहत होतो. मी इंग्रजी घेऊन बी. ए. झालेली, मुलींच्या शाळेत सकाळी शिकवत असे. तुमचे आजोबा कचेरीत जात. मुलं लहान होती. घरात सासूबाई होत्या, माढ्याकडच्या, शेतकरी घरातल्या. त्यांना मी आत्या म्हणत असे. तिकडे सासूला तसंच म्हणतात.

मी सकाळी चहा पिऊन शाळेत जायची. परत आल्यावर सगळ्यांना वाढायचं आणि शेवटी आपण बसायचं, तेही चुलीपाशी, उरलेलं संपवत, पातेली पुसून घेत. सुनेचं जेवण म्हणजे तेच. मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं, माझी आईही तशीच जेवत असे. मग मुलं झोपत, आत्या ओसरीवर आडव्या होत. गिरणीचा दुपारचा भोंगा व्हायचा, पाळी बदलायची. आणि माझं सुरू व्हायचं.

आमच्याकडे कडक भाकरीची टोपली भरलेली असे. पापडासारखी वाळलेली भाकरी, आठवडेच्या आठवडे टिकते. शेंगाचटणी, तेल आणि ती भाकरी. एक खायची, मग दुसरी, मग मोजणं सोडून द्यायचं. कडक भाकरी मोडताना आवाज होतो, म्हणून मी ती पदरात गुंडाळून मोडत असे. चव कळायची नाही. भूक तर नसायचीच. पोट दुखेपर्यंत खायचं, मग भिंतीला टेकून बसायचं आणि उद्या हे करायचं नाही असं ठरवायचं. कशामुळे सुरू झालं ते मला आजही सांगता येत नाही. दुःख म्हणावं असं काही नव्हतं. फक्त फार थकलेली असायची.

त्यातच दुष्काळ आला. गल्लीतल्या बायका रेशनच्या तांबड्या ज्वारीसाठी रांगेत उभ्या राहत. दुष्काळी कामावर खडी फोडायला गेलेली माणसं तिथे खायला मिळालेली सुकडी, तो कोरडा पिठाचा खाऊ, पोरांसाठी बांधून आणत. आमच्या घरी गावाकडची ज्वारी होती, तीही पुरवून वापरायची, आणि मी भरल्या पोटी खात होते. ही लाज कुणाला सांगणार?

सांगावी लागलीच नाही. एका दुपारी आत्या पाणी प्यायला आत आल्या आणि मी टोपलीपाशी तशीच सापडले.

"भस्म्या झालाय काय गं पोरी तुला?"

कितीही खाल्लं तरी आत जळून जातं, त्या रोगाला भस्म्या म्हणतात. मी रडले. म्हटलं, "आत्या, मला थांबता येत नाही. काहीतरी सांगा."

त्यांना माहीत होतं ते त्यांनी सांगितलं. "उपास धर. पोटाला वळण लागतंय."

सिद्धेश्वराच्या देवळात नेऊन त्यांनी माझ्याकडून सोमवारचा संकल्प करवून घेतला. सोमवारने भागेना म्हणून मी आपणहून गुरुवार धरला. मग चतुर्थी, एकादशी. शिकलेली असून किती धार्मिक, म्हणून गल्लीत माझं नाव झालं. दुपारी मात्र भोंगा होताच मी शेंगदाण्यांचा डबा काढून बसे. शेंगदाणे, गूळ, राजगिऱ्याचे लाडू, सगळं उपासाला चालणारं. डबा रिकामा होईपर्यंत खायची, पण उपास मोडायची नाही. त्याचं मला समाधानही वाटे, आणि उपास नसलेल्या दिवशी पुन्हा भाकरीची टोपली होतीच. शेजारच्या काकू मला वरखाली न्याहाळत म्हणत, "काय बाई तुझे उपास! आम्ही एक एकादशी केली तर वाळतो, आणि तू सुटतेयस!"

शेवटी छातीत जळजळायला लागलं, जिना चढताना दम लागायला लागला, तेव्हा मी एका डॉक्टरीणबाईंकडे गेले. एकटीने जायची हिंमत नव्हती, म्हणून आत्यांना बरोबर नेलं. बाईंनी तपासलं आणि विचारलं, "आज सकाळपासून काय खाल्लंत?"

"आज सोमवार," मी म्हटलं.

"आणि काल?"

काल चतुर्थी होती. बाईंनी पेन खाली ठेवलं. त्या म्हणाल्या, या आजाराचं नाव मला सांगता येणार नाही, पण एवढं दिसतंय की तुम्ही पोटाला उपाशी ठेवता आणि मग ते तुम्हाला फरफटत नेतं. उपास बंद करा. तीन वेळा जेवा, बसून, कुणाच्या तरी सोबत. एकटीने खाऊ नका.

"आणि औषध?"

"जळजळीला देते. बाकीच्याला नाही."

मला रडू येईल असं झालं. मला गोळी हवी होती. तेवढ्यात आत्या खुर्चीत पुढे सरकल्या.

"बाई, उपास सोडायला लावताय. देवाला काय सांगू?"

"सांगा, डॉक्टरणीने सांगितलं."

"तुमीच सांगा की. माजं ऐकत न्हाय त्यो."

बाई हसल्या, आत्या हसल्या नाहीत. घरी येताना म्हणाल्या, "संकल्प केलाय, मधीच सोडता येत न्हाय. उद्यापन करावं लागंल."

उद्यापन म्हणजे व्रताची सांगता. सवाष्णींना जेवायला बोलवायचं, पुरणपोळीचा स्वयंपाक, आणि जिचं व्रत तिने नैवेद्य होईपर्यंत उपाशी राहून सगळ्यांना वाढायचं, मागून जेवायचं. म्हणजे जे करू नका म्हणून बाईंनी सांगितलं तेच सगळं, एका दिवसात. मी आत्यांना म्हटलं, "मला भीती वाटते. त्या पोळ्यांच्या ढिगापाशी मी एकटी राहिले तर काय होईल सांगता येत नाही."

त्या तांदूळ निवडत राहिल्या.

उद्यापनाच्या दिवशी त्यांनी मला पहाटेच कपभर दूध दिलं. "ह्ये उपासाला चालतंय, पी." नैवेद्य झाला, पानं मांडली. मी वाढायला पातेलं उचललं तर त्यांनी ते काढून घेतलं. "बस पंगतीला."

"आत्या, मी?"

"तुजंच उद्यापन हाय की. बस."

शेजारच्या काकूंनी टोमणा मारलाच. "अगं बाई, सवाष्णींआधी सूनच बसली! आणि सासू वाढतेय!"

"व्हय, वाढतीया," आत्या म्हणाल्या. "तू तोंड चालव. तूप घालू का?"

सगळ्यांदेखत मी दोन पुरणपोळ्या खाल्ल्या. इतक्या माणसांत पोटभर जेवल्याला मला किती वर्षं झाली होती कोण जाणे.

पण दुपार व्हायची थांबत नाही. बायका गेल्या, भांडी झाली, भोंगा झाला. पोळ्या टोपलीत फडक्याखाली होत्या. मी उठले, फडकं बाजूला केलं आणि उभ्याउभ्याच पोळी तोंडात कोंबली. चावत असतानाच मागून आवाज आला.

"ताट घे."

आत्या दारात उभ्या होत्या. दिवसभर वाढून त्यांचे पाय सुजले होते. मला वाटलं आता बोलतील. त्या भिंतीला धरून खाली बसल्या. "खायची तर खा, पर ताटात घिऊन खा. बसून. मी हाय हितं."

मी ताटात पोळी घेतली, बसले. त्यातली अर्धी खाल्ली. मग नको झाली. अर्धी आत्यांनी खाल्ली, बळंच, टाकायची नाही म्हणून.

पुढच्या सोमवारी शाळेत निघताना त्यांनी मला हाक मारली. तव्यावर भाकरी होती. सोमवारी सकाळी गरम भाकरी. मला काही विशेष वाटलं नाही, भीतीच वाटली. पण खाल्ली. आणि दुपारी त्यांनी दोन ताटं शेजारी शेजारी मांडली, पुरुषमाणसं घरी असोत नसोत. तुमच्या आजोबांनी एकदा विचारलं, "आज मला कोण वाढणार?" आत्या म्हणाल्या, "तुला हात न्हाईत व्हय?"

तिथे सगळं संपलं असं समजू नका. मला तसं लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. बरे दिवस आले, मग वाईट आले, मग पुन्हा बरे. वाईट दिवशी मी आत्यांना उठवत असे. झोपमोड झालेलं त्यांना मुळीच आवडत नसे. करवादत, पण उठून बसत. हे कित्येक वर्षं चाललं. दोघीही दमलो.

सगळ्यात अवघड, त्या गावी जात तेव्हा. सुगीला आठ-पंधरा दिवस माढ्याला राहून यायच्या. एसटीतून उतरून, धुळीने भरलेल्या, हातात हरभऱ्याचं गाठोडं. दारातच पहिला प्रश्न असे, "ताटात का तशीच?"

मी खरं सांगायची. बहुतेक वेळा "तशीच" असंच सांगावं लागे.

"बरं," त्या म्हणत. "हातपाय धुती. मग जेवू."