आफ्रिकन पूर्वज? होय!

"तुमच्या मुलीला सिकल सेल आहे," शारजाच्या हॉस्पिटलमधल्या सुदानी डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. कबूल करते, मी फणकाऱ्यानं म्हणाले, "आमच्यात असलं काही नसतं."

सिकल सेल म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडं ठणकतात. माझी अलीना अकरा वर्षांची. दोन वर्षं तिचे पाय दुखत होते आणि आम्ही वाढीचं वय म्हणून तेल चोळत होतो. शेवटी शाळेच्या थंडगार स्विमिंग पूलमधून तिला उचलून आणावं लागलं.

डॉक्टरांनी जुनी फाइल उघडली. दोन वर्षांपूर्वी क्लिनिकमध्ये भरलेल्या फॉर्मवर 'आफ्रिकन पूर्वज?' असा प्रश्न होता, कारण आई-बाप दोघांकडून येणारा हा आजार आफ्रिकन वंशात जास्त आढळतो. पुढे माझ्याच अक्षरात 'नाही'. म्हणून रक्ताची ती तपासणी तेव्हा झालीच नव्हती.

आम्ही रायगडच्या किनाऱ्यावरचे सिद्दी, मूळचे आफ्रिकेतले. पण घरात शिकवण एकच: कुणी विचारलं तर आपण अरबांचे वंशज. अम्मी माझे कुरळे केस तेलानं चापूनचोपून बसवायची. नवरा सलीम माझा मामेभाऊ, म्हणजे त्याच्याही घरी तेच रक्त आणि हाच पाठ. खोटं इतकं अंगवळणी पडलेलं की फॉर्म भरताना माझा हातसुद्धा थबकला नव्हता. मी डॉक्टरांसमोरच ढसाढसा रडले.

"खलास, आता रडणं पुरे," त्या म्हणाल्या. "यल्ला, चला, उपचार सुरू करू."

अलीनाची नर्स मर्सिया जमैकाची. सलाइन बदलता बदलता ती आपल्या घराण्याची हकीकत सांगायची. तिच्या पूर्वजांना आफ्रिकेतून पकडून, जहाजाच्या तळाशी साखळदंडात बांधून अटलांटिकपार नेलं आणि उसाच्या मळ्यांत विकलं. तिच्या भावालाही सिकल सेल होता. हे सगळं ती मान ताठ ठेवून सांगायची.

मी एकदा विचारलं, "सांगायला लाज नाही वाटत?"

"विकणाऱ्यांना वाटू दे लाज," ती म्हणाली. "कितीतरी माणसं वाटेतच मेली. जी तगली, त्यांची मी आहे."

त्या दुपारी कॉरिडॉरमधूनच मी अम्मीला फोन लावला. "अम्मी, आपली माणसं आफ्रिकेतून आली ना?"

तिनं आधी दार लावून घेतल्याचं ऐकू आलं. मग म्हणाली, "हो गो. विकून आणलेली. माझी आजी सांगायची. पण लोक काय म्हणतील, म्हणून..."

"लोकांना काय म्हणायचं ते म्हणू दे," मी म्हणाले. अम्मी रडली आणि मग पहिल्यांदाच तिनं मला त्या आजीचं नाव सांगितलं. तिचं नाव अलीमा.

अलीना नऊ दिवसांनी घरी आली. आता रोज हायड्रॉक्सियुरियाची गोळी, पेशी वाकू नयेत म्हणून. भरपूर पाणी, थंडीपासून जपणं आणि ताप आला की तडक हॉस्पिटल. दुखणं पूर्ण गेलेलं नाही, पण आता ते काय आहे हे आम्हाला ठाऊक आहे. तुमच्याही लेकराचे हातपाय असे ठणकत असतील, तर डॉक्टरांपुढे घराण्याची बढाई मारू नका, खरं काय ते सांगा.

परवा तपासणीला गेलो. अलीनाचे कुरळे केस मोकळे होते. तेल लावू देत नाही आता. नव्या डॉक्टरांनी फॉर्म वाचत विचारलं, "एनी आफ्रिकन अँसेस्ट्री?"

मी तोंड उघडायच्या आत ती खुर्चीत ताठ बसून म्हणाली, "येस, डॉक्टर. बोथ साइड्स."

माझा ऊर अभिमानानं भरून आला.